सर्वांत स्वच्छ तबेल्यातला ससा

मित्रांनो, मी एक जुना स्वारीचा ससा आहे. तुमच्या परसात पिंजऱ्यात असतो तसला नव्हे. उभा राहिलो की माझा खांदा दाराच्या कडीला लागत असे आणि कान चौकटीत अडकत. आता पाठ खचली आहे, एका कानाला चीर गेली आहे आणि दात शिवशिवतात म्हणून मी दिवसभर कुंपणाचे लाकूड कुरतडत बसतो. म्हातारपणी स्वभाव गोड होतो म्हणतात. माझा झाला नाही. मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे तक्रारीचे आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

पहिली तक्रार चित्रांबद्दल. तुमच्या गोष्टींच्या पुस्तकांत सशावर स्वार झालेला एखादा वीर हमखास असतो. अंगात चिलखत, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात लगाम. ससा हवेत आणि वीर ताठ. आमच्या टपालनाक्याच्या भिंतीवर असेच एक चित्र टांगलेले होते. त्या चित्राने आमचे जेवढे नुकसान केले तेवढे गरुडांनीही केले नसेल. चिलखत घातलेला माणूस माझ्या पाठीवर बसला, तर पहिल्या उडीत तो माझ्या पुढे जाऊन पडेल आणि दुसऱ्या उडीत मी त्याच्यावर. त्या चित्रकाराने ससा पाहिलाच नसावा. घोडा पाहिला असावा आणि त्याला लांब कान काढून मोकळा झाला असावा.

माझा जन्म उघड्या माळावर झाला. आम्ही बिळात राहत नाही. गवतात अंगापुरता खळगा करतो आणि त्यात दबून बसतो. त्याच खळग्यात माझ्याबरोबर माझी बहीण जन्मली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून पुढे तिला ठिपकी म्हणू लागले, आणि लांबलचक मागच्या पायांमुळे मी ढांग्या झालो. आम्ही वर्षाचे झालो तेव्हा टपालखात्याची माणसे आली. डोंगरावरच्या वस्त्यांना पत्रे आणि औषधे पोचवायची होती आणि मुरमाड चढावर घोड्यांचे पाय घसरत होते. सपाटीवरच्या ओझ्याला खात्याकडे बैलाएवढी कासवे होती. त्यांना कधी कुणी 'पळ' म्हटले नाही. नशीब एकेकाचे.

आमच्या नाक्याचे मुख्य पूर्वी घोडदळात होते, म्हणून सगळे त्यांना रिसालदार म्हणत. माणूस वाईट नव्हता. येता-जाता आमच्या नाकावरून हात फिरवायचे, त्यांच्या खिशात गाजराचा तुकडा असायचा. पण त्यांना जगात एकच जनावर कळत होते आणि ते म्हणजे घोडा. आम्ही त्यांच्या लेखी बिघडलेले घोडे होतो आणि आम्हाला दुरुस्त करायचे हे त्यांनी मनावर घेतले होते.

सुरुवात खोगिरापासून झाली. खोगीरवाल्याने दोरीने माझी पाठ मोजली आणि बरोबर मधोमध खडूने खूण केली. मी तेव्हा बसलो होतो. मित्रांनो, बसलेल्या सशाची पाठ आणि पळणाऱ्या सशाची पाठ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पळताना माझे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे जाऊन टेकतात. त्यासाठी पाठ आधी कमानीसारखी वर येते आणि मग एका झटक्यात सरळ होते. त्या कमानीच्या ऐन टोकावर त्यांनी लाकडी सांगाड्याचे खोगीर आवळले. पहिला स्वार कुंपणापलीकडे गवताच्या गंजीत सापडला, दुसरा शेडच्या छपरावर. तिसऱ्याने आजारपणाची रजा टाकली. रिसालदारांनी वहीत लिहिले, 'जनावर अडेल आहे.' पाठ माझी, पट्टा माझ्या पोटाला काचतोय आणि अडेल मीच.

लगामाचीही तीच कथा. आमच्या तोंडात कडी बसेना, म्हणून दोन दोऱ्या थेट कानांना बांधल्या. पुढे वाऱ्याने कान हलतात, शिस्त दिसत नाही, म्हणून कानांवर टोपी आली. आमच्या अंगातली गरमी कानांवाटे जाते हो. भर दुपारी टोपी घालून चढ चढल्यावर माझे डोके भणभणायचे आणि मी थांबलो की वहीत आणखी एक ओळ वाढायची. आम्ही विजेसारखे पळतो पण थोडाच वेळ, मग आम्हाला दम खावा लागतो. आमचे पुढचे पाय आखूड, त्यामुळे चढावर आम्ही राजे आणि उतारावर कोलांट्या. डोक्यावरून गरुडाची सावली गेली की आम्ही जागच्या जागी जमिनीला चिकटतो, हा आमचा स्वभाव आहे. अशा वेळी आपण थांबलो तरी पाठीवरचा माणूस थांबत नाही. आणि आम्ही उघड्या डोळ्यांनी झोपतो. रिसालदारांनी फेरी मारताना मला तीनदा झोपेत पाहिले आणि 'हा विश्रांती घेत नाही, याला एक फेरी वाढवा' असा शेरा मारला.

हे सगळे मी कुणाला सांगणार होतो? आमच्या जातीला आवाज नाही. घोडा खिंकाळतो, बैल हंबरतो, कुत्रे तर उगाचच भुंकते. आम्ही फार तर पाय आपटतो आणि माणसे म्हणतात, बघा कसा मजेत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी काडी आली म्हणून मी टिकलो. गावात घरोघरी टपाल वाटणारी ही बाई अंगाने इतकी किरकोळ होती की सगळे तिला काडीच म्हणत आणि तिलाही त्याचे काही वाटत नसे. ती पहिल्या दिवशी माझ्यावर बसलीच नाही. मैदानाच्या कडेला उभी राहून तिने मला मोकळे पळू दिले आणि नुसते बघितले. मग खोगीरवाल्याकडे जाऊन म्हणाली, "दादा, हे लाकूड काढा. मानेमागे खांद्यावर नुसती गादी बांधून द्या. बसायचं कुणाला आहे? मी पालथी पडून जाईन." टपालखात्याचा स्वार पालथा पडून गेलेला लोकांनी पाहिला तर काय म्हणतील, याची रिसालदारांना फार काळजी लागली. पण त्या दिवशी आम्ही वरच्या वस्तीवर जाऊन आलो तेव्हा नाक्यावरच्या घोड्याला अजून पाणी दाखवून झाले नव्हते. टोपी आणि दोऱ्या हळूहळू खुंटीवर गेल्या. काडी माझ्या डाव्या खांद्यावर हात दाबायची की मी डावीकडे वळायचो. एवढे सोपे होते सगळे.

ती दोन वर्षे माझी सुखाची. ठिपकीवर काडीची धाकटी जाऊ बसायची, तीही तशीच हलकी. चार वस्त्या, दोन ससे, एकही पत्र उशिरा नाही. वस्तीवरची मुले आम्हाला लांबून ओळखायची आणि त्यांच्या आया कोबीची पाने घेऊन अंगणात येऊन थांबायच्या. तेव्हा आम्ही जुन्या शेडमध्ये राहायचो. खाली माती, वर गळके छप्पर, कोपऱ्यात गवत. झाडलोट कधी व्हायची, कधी नाही. आमची प्रकृती उत्तम होती.

मग आम्हाला मान मिळाला आणि तिथून आमचे दिवस फिरले.

खात्याने आमच्यासाठी नवा तबेला बांधला. घडीव दगडाची फरशी, तिला बेताचा उतार, पाणी जायला पन्हळ, प्रत्येकाला वेगळी खोली. सर्व नाक्यांमध्ये सर्वांत स्वच्छ तबेल्याला दर वर्षी एक ढाल मिळत असे आणि ती ढाल या वर्षी आपणच आणायची असे रिसालदारांनी ठरवले. त्यासाठी त्यांनी घोड्यांच्या तबेल्यातून मावशीला आमच्याकडे आणले.

मावशीबद्दल नीट सांगायला हवे. ती वीस वर्षे घोड्यांकडे झाडलोट करत होती आणि वीस वर्षांत तिला एकही बोल लागला नव्हता. उंच, हाडापेराने मजबूत, बोलणे कमी. पहाटे सर्वांच्या आधी यायची, पदर खोचायची, आधी खराटा, मग बादली, मग पुन्हा कोरडा झाडू. प्रत्येक खोलीनंतर कोपरापर्यंत हात धुवायची. आमच्या अंगाखालची फरशी ओली राहू नये म्हणून ती गुडघ्यावर बसून फडक्याने पुसायची. असे कुणी आमच्यासाठी आधी केले नव्हते. मी तिच्यावर रागावूही शकत नव्हतो, हे त्यातले सर्वांत वाईट.

आता एक गोष्ट सांगतो. नाक मुरडणारे आताच मुरडून घ्या. आम्हाला दोन तऱ्हेच्या लेंड्या होतात. एक कोरड्या, त्या तुम्हाला माहीत आहेत, त्या तुम्ही खुशाल झाडा. दुसऱ्या पहाटे होतात, मऊ आणि चकचकीत. तो खरे तर अर्धवट शिजलेला घास असतो. गवतातला खरा कस त्यात उतरतो आणि तो पुन्हा पोटात गेला तरच आमच्या अंगी लागतो. गाय रवंथ करते, तिला कुणी नावे ठेवत नाही. आम्ही तेच करतो, फक्त आमची वाट जरा लांबची आहे. आणि हे काम आम्ही एकांतात करतो. जवळपास कुणी वावरत असले की आमचे अंग आखडते आणि आम्ही दबून बसतो.

मावशी नेमकी त्याच वेळी यायची. आम्ही दबून बसायचो आणि ती आमच्या डोळ्यांदेखत सगळे धुऊन काढायची. ओंजळभर गवत, भरपूर पाणी, चकचकीत फरशी आणि आम्ही उपाशी.

पहिल्या महिन्यात माझी चमक गेली. दुसऱ्यात माझी झेप एक हाताने कमी झाली. काडीने ते ओळखले आणि रिसालदारांना सांगितलेही. त्यांनी गवत वाढवले. गवत वाढले तसे मावशीचे कामही वाढले. त्याच सुमारास ढाल आली. वाजतगाजत नाही, पण चित्राच्या खाली खिळा ठोकून ती लावली आणि रिसालदारांनी सर्वांसमोर मावशीचे कौतुक केले. मावशी लाजली. तिने त्या दिवशी आमच्या खोल्या दोनदा धुतल्या.

ठिपकी माझ्याहून नाजूक. तिसऱ्या महिन्यात ती चढावर बसली आणि काडीच्या जावेला थैली खांद्यावर घेऊन पायी जावे लागले. त्यानंतर ठिपकी उठेनाशी झाली. बरगड्या मोजता येत होत्या. मी शेजारच्या खोलीतून फटीला नाक लावून तिचा श्वास ऐकत बसायचो.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी ठिपकीचे पोट दाबले, जीभ पाहिली, फरशी पाहिली, आणि निदान केले की रोग घाणीतून येतो, तेव्हा तबेला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा धुवावा. शिवाय एक करडी पूड दिली, ती पाण्यातून द्यायची. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मी एवढ्या जोरात पाय आपटला की डॉक्टर दचकले आणि याच्यात अजून जोम आहे असे म्हणाले. मग बाहेर पडता पडता त्यांनी रिसालदारांना हलक्या आवाजात सांगितले, की पंधरवड्याने वरचे साहेब पाहणीला येतील, तोवर ही उभी राहिली नाही तर तिला इंजेक्शन देऊन मोकळं करावं लागेल, उगाच हाल कशाला. आमच्यासमोर हलक्या आवाजात बोलण्यात काय अर्थ आहे? एवढे मोठे कान आम्ही शोभेला लावले आहेत का?

पंधरा दिवस. मला औषध माहीत होते, ते माझ्या पायाखाली रोज पडत होते, आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हते. असा संताप मला आयुष्यात परत कधी आला नाही.

मग एक बरे झाले, म्हणजे मावशीच्या दृष्टीने वाईट झाले. तिने इतकी गुळगुळीत केलेली फरशी, त्या फरशीवर तीच घसरली आणि तिचा पाय मुरगळला. चार दिवस घरी पडून राहावे लागले. तिच्या जागी रिसालदारांनी रखवालदाराला नेमले. हा रखवालदार म्हणजे कामचुकारपणात सर्वांचा बाप. दुपारी जेवण करून यायचा, दारातच दोन बादल्या ओतायचा आणि सावलीला जाऊन पडायचा. पहाटे आमच्याकडे चिटपाखरू फिरकत नसे.

देव त्याचे भले करो. चार दिवसांत माझे डोळे निवळले. माझ्या पायांत पुन्हा जीव आला. ठिपकी मात्र तशीच होती, तिला मान वळवून खाली नेण्याचेही त्राण नव्हते, पण तिने एकदा माझ्या बाजूच्या फटीकडे बघितले. डॉक्टर आले, मला पाहून खूश झाले आणि पूड लागू पडली असे सांगून गेले.

पाचव्या दिवशी मावशी काठी टेकत आली. सगळे तिला सांगू लागले की ढांग्या सुधारला. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मग वाकून कोपऱ्यातली धूळ बोटावर घेतली आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. रखवालदार शपथेवर सांगत होता की मी रोज झाडले. तिला खरे काय ते कळले होते.

"मी राबते तेव्हा ही खंगतात," ती काडीला म्हणाली, "आणि हा झोपा काढतो तर ही अंग धरतात. माझ्याच हाताचा काहीतरी दोष आहे."

काडीने तिची समजूत काढायचा प्रयत्न केला, पूड, हवा, गवत अशी कारणे दिली. मावशी ऐकत नव्हती. मी तिच्या जागी असतो तर पूड खरी मानून गप्प बसलो असतो. ज्याला वीस वर्षे कुणी बोल लावला नाही, त्याने स्वतःच स्वतःला बोल लावायचा हे सोपे नाही. पण ती म्हणाली, उद्या कशालाही हात लावणार नाही, नुसती बघत बसणार.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना ती आली. तिने बादली पालथी घातली आणि माझ्या दारासमोर बसली. खराटा मांडीवर आडवा. मी तिच्याकडे पाहिले आणि माझे अंग आखडले.

मित्रांनो, त्या वेळी मला माझीच इतकी चीड आली. इतके महिने मी मनात ओरडत होतो की बघा, कुणीतरी बघा. आणि आता एक बाई दुखरा पाय लांब करून खास बघायला बसली होती, तर माझी मान खाली जाईना. काळीज सशाचे, दुसरे काय. माझ्या पुढ्यात, पायाशी, तो मऊ ढीग पडलेला होता. बाहेर उजाडत चालले होते. उजाडले की रिसालदार येतील, ते आले की खराटा फिरेल. पलीकडे ठिपकीचा श्वास अडकत अडकत चालला होता. मावशी जांभई न देता, न हलता बसली होती. ती जणू तिथे नव्हतीच. मग एकदा तिने मांडीवरचा खराटा सावरला, उठायच्या तयारीत असल्यागत, आणि मला वाटले, संपले.

मी मान खाली घातली. तिच्या समोर, तिच्या डोळ्यांत बघत, मी खाल्ले. मला लाज वाटत होती, तरी शेवटपर्यंत खाल्ले.

मावशीने खराटा हळूच जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मीच रोज तुमच्या तोंडचा घास धुऊन काढत होते."

ती रडली थोडी. पण रडत बसणारी नव्हती ती. उठली, माझ्या खोलीत आली, जे उरले होते ते तिने उघड्या ओंजळीत घेतले आणि ठिपकीकडे गेली. कोपरापर्यंत हात धुणारी ती मावशी. ठिपकीच्या तोंडाशी ओंजळ धरून ती गुडघ्यावर बसून राहिली. मी फटीतून पाहत होतो. ठिपकीने आधी नुसता वास घेतला. मग ओठ हलवले. पुढचे आठ-दहा दिवस माझे निम्मे तिला जात होते, आणि मी त्याबद्दल तक्रार केली नाही, एवढे तरी माझ्या नावावर लिहून ठेवा.

मावशीने हे सगळे रिसालदारांना जाऊन सांगितले. ते हसले. पायाबरोबर डोकेही मुरगळले की काय, असे म्हणाले. जनावर स्वतःची घाण खाते आणि त्याने बरे होते, हे मी वर कळवू का? पाहणी तोंडावर आली आहे, ढाल जाता कामा नये. तिने मान डोलावली आणि जे करायचे तेच केले. बाहेरचे अंगण, पन्हळ, चारापाण्याची भांडी सगळे लखलखीत, आणि आमच्या खोल्या मात्र सूर्य वर आल्यावर.

पाहणीचे साहेब नेमके सूर्य उगवायच्या आत आले. पहिली टपालफेरी निघताना पाहायची होती त्यांना. रिसालदारांनी अभिमानाने दार उघडले आणि साहेबांच्या बुटाखाली काय यायचे ते आले. रिसालदारांचा चेहरा पडला. मावशी कोपऱ्यात उभी होती, खराटा भिंतीला टेकवलेला. साहेबांनी विचारले, की झाडायची वेळ कोणती?

"साहेब, त्यांची न्याहारी चालली आहे," मावशी म्हणाली. "झाली की झाडते."

साहेबांना वाटले ती चेष्टा करते आहे. त्यांनी तिथेच वहीत लिहिले, 'तबेला अस्वच्छ. झाडणारी उद्धट.' वीस वर्षांत पहिला बोल, तोही लेखी. साहेबांबरोबर आलेले डॉक्टर बॅग घेऊन पुढे झाले आणि ठिपकीच्या खोलीचे दार ढकलले.

ठिपकी उभी होती. पाय जरा फाकलेले, मान अजून बारीक, पण चारही पायांवर उभी. डॉक्टरांनी बॅग मिटली. साहेबांनी त्यांच्या पुडीचे कौतुक केले आणि ती सर्व नाक्यांना पाठवावी असे सांगितले. ढाल काढून घेतली. भिंतीवर रिकामा खिळा आणि त्याच्या वर तो चिलखतवाला वीर, एवढेच राहिले. मावशीकडे कुणी पाहिले नाही. ती आमच्या खोल्या झाडू लागली, कारण आमचे खाऊन झाले होते.

खरे कारण कुठल्याही कागदावर आले नाही. पण काडीला ते माहीत होते, आणि काडी टपालवाली होती. नाक्यानाक्यावर थैली बदलताना ती झाडणाऱ्या बाईला बाजूला घेऊन दोन वाक्ये सांगायची. वर्षभरात सगळ्या तबेल्यांत पहाटेचा केर थोडा जास्त वेळ पडून राहू लागला आणि सगळे ससे गुटगुटीत झाले. खात्याने त्याचे श्रेय पुडीला दिले. मी अजून त्या गोष्टीवर धुसफुसतो. ठिपकी पुढे नऊ वर्षे चढ चढली आणि म्हातारी होऊन गेली. तिला कधी काही सिद्ध करावेसे वाटले नाही; तो स्वभाव माझा.

मित्रांनो, तुमच्याकडेही मुके जीव असतील, आणि मुके नसलेलेही असतील ज्यांना नीट सांगता येत नाही. त्यांच्यासाठी तुम्ही खूप काही कराल, कौतुकाने, जीव तोडून. करा. पण आधी त्यांना विचारा, आणि विचारून उत्तर येत नसेल तर बघा. आमच्यासारख्यांचे हाल दुष्ट लोकांनी केले असते तर मला निदान चावता तरी आले असते.

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी निरोपाला कुणी आले नाही. तिच्या नावावर तो बोल होता ना. तिच्या जागी आलेली नवी बाई तरतरीत होती. पहाटेच आली, पदर खोचला आणि थेट माझ्या खोलीत खराटा घेऊन शिरली. मावशीने तिला मनगटाला धरून बाहेर आणले, बादली पालथी घातली आणि म्हणाली, "आधी इथे बस."

"किती वेळ?" नव्या बाईने विचारले.

"तू इथे आहेस हे ते विसरतील, तोपर्यंत."